रेवदंडा, दुपारी सव्वाबारा

वेशीवरच्या दगडी मुकुटाखालून
एसटी आरसे सांभाळत निघते.
कंडक्टर हात बाहेर काढून तटाला थोपटतो,
बैलाच्या पाठीवर थाप मारावी तसा.

मी चौक शोधतेय. फिरंग्यांच्या शहराचा,
चारी वाटा येऊन मिळाव्यात असा, फरसबंद.
सापडते पोफळींची वाडी,
पाटाचं पाणी,
आणि पडक्या भिंतीवर वाळत घातलेली सोलं.
ज्याची वाडी तो म्हणतो, सरळ जा, कुत्रं काही करत नाही.

खानावळींची गल्ली मात्र आहे.
पाट्या एकमेकींना कोपरानं ढोसत उभ्या:
घरगुती जेवण. कोळी पद्धत. अस्सल कोळी पद्धत.
बिरडं फक्त बुधवारी.
एका पाटीवर नुसतंच, खडूनं: आहे.

मी 'आहे'मध्ये शिरले.

फिलोमिना वेगस. खाडीपलीकडून, कोर्लईहून येते
सकाळच्या टमटममधून, मांडीवर मांदेलीची टोपली.
चुलीपाशी लेकाला रागावते
त्या भाषेतला एक शब्द मला लागत नाही,
आवाज तेवढा ओळखीचा, कुठल्याही आईचा.
मग माझ्याकडे वळून:
"भात घ्या अजून. लाजताय काय!"

इथं चौक कुठे होता हो?

परातीतले हात थांबत नाहीत.
"चौक व्हय. आमच्या घरात अजून म्हणतात,
चौकावर जाऊन येते.
म्हणजे बाजाराला. म्हणजे मीठ, रॉकेल, गोळ्या.
कुठला चौक ते काय मी विचारलं नाय कधी."

परात, बादली, पाव, गल्ल्याची चावी,
जहाजातून उतरलेले शब्द
हात धुऊन केव्हाचे पंगतीत बसलेत.
त्यांना कुणी गाव विचारत नाही.
मीही नाही विचारलं. रस्सा तिखट होता.

जेवून निघाले ती तटाच्या खिंडारापर्यंत.
अख्खं शहर ओलांडायला सात मिनिटं,
त्यातली दोन चपलेतला काटा काढण्यात.
पुढे काळी वाळू, ओहोटी,
उलटी घातलेली एक होडी
आणि तिच्या सावलीत झोपलेला तिचा मालक.
मागे कुठेतरी सुपारी पडली, टप.
चौकाच्या मधोमध पडली असेल. नसेलही.

छत्री विसरले म्हणून परत फिरले.
तोवर दार ओढलेलं, छत्री कडीला अडकवलेली.
पाटीवर आता लिहिलं होतं: संपलं.
घाईत पुसलेल्या खडूखालून
'आहे' अजून वाचता येत होतं.