सोमवारपासून लाल

सोमवारपासून लाल म्हणजे तातडीचं.
पिवळं म्हणजे उत्तराची वाट.
हिरवं, काम मिटलं. निळं, जकात.
जांभळं रजेला, बाकीचे रंग बंद.
एवढं सांगून साहेब रीगाला निघून गेले
आणि सगळ्यांच्या मेलपेट्या एका यादीत बसवायचं
माझ्या गळ्यात पडलं,
क्लायपेडा बंदरावर, तिसऱ्या मजल्यावर,
जिथून फेब्रुवारीत
समुद्र आणि आभाळ वेगळं काढता येत नाही.

एकोणचाळीस माणसं. दोनशे तेरा खुणा.

हिशेबातल्या गेनोवाइतेचं लाल म्हणजे
वेळेवर पैसे देणारे.
लाल कसं काय, विचारलं मी.
म्हणाली, आई सहकारी भांडारात होती,
उधारी फिटली की नावावर लाल रेघ मारायची.
लोक त्या रेघेसाठी रांग लावायचे.

वायदोतासचं सगळंच लाल, नोकरीला लागल्यापासून.
लालावर लाल, त्यामुळे त्याला काहीच दिसायचं नाही
आणि तो निवांत असायचा.

नव्या उग्नेची एक मोरपंखी खूण:
"ज्यांची मला भीती वाटते".
आत साहेब, जकातीतला एक कारकून,
आणि मी.

"नंतर" नावाची खूण सव्वीस जणांकडे निघाली,
अकरा रंगांत. एकाची तर अबोली.
साहेब फोनवर म्हणाले, नंतर म्हणजे पिवळं, घाल त्यात.
म्हटलं, पिवळ्यात निदान कोणीतरी
उत्तर देणार असतं.
पलीकडे विमानतळावरची घोषणा ऐकू आली, मग फोन कटला.

संध्याकाळी रिमगाउदास आला, दार लोटून घेतलं.
चोवीस वर्षं शीतपेट्यांचा हिशेब ठेवणारा माणूस,
टोपी हातात, शाळेतल्या पोरासारखा.
"रंगाबरोबर शब्द राहतील ना?"
राहतील की, का?
"लाल नि हिरवं मला एकच. भिजल्या पुठ्ठ्यासारखं."
नाविक शाळेनं त्याला परत पाठवलं होतं,
एका ठिपक्यांच्या वहीवरून.
बायकोला ठाऊक आहे. इथे कोणाला नाही.
त्याच्या पेटीत खुणा तीनच, तिन्ही एकाच रंगाच्या:
धाव. थांब. पुरे.

मी प्रत्येक रंगाच्या आधी ठळक शब्द बसवला.
कारण विचारलं तेव्हा सांगितलं,
प्रिंटर काळा-पांढरा आहे.

शेवटी उरली आल्दोनाची पेटी.
ती ऑक्टोबरात गेली. पेटी चालू ठेवलीय,
कारण नॉर्वेचा एक मासेवाला अजून
तिच्याच नावानं लिहितो.
तिथे एक राखाडी खूण, नाव नसलेली.
आत सतरा पत्रं, सगळी तिनंच तिला पाठवलेली,
घरी निघायच्या वेळची. मजकूर कोरा, फक्त विषय:
"पुलावर उजेड."
"बर्फ, पण हलका."
"आज कोणी ओरडलं नाही."
"कोटाचं बटण सापडलं."

यंत्र विचारतं: खुणेला नाव नाही, कशात मिळवू?
खाली पाच रंग.
हिरव्यावर बोट नेलं. काम मिटलं.
बोट परत घेतलं.
पाचांच्या खाली, बारीक अक्षरात, आणखी एक पर्याय होता:
नंतर विचारा.

सोमवारी सगळ्यांचे पडदे सारखे झाले.
गेनोवाइतेची प्रामाणिक गिऱ्हाइकं
रातोरात तातडीची झाली,
आणि तिच्या हाताखालच्या पोरानं दुपारपर्यंत
एकेकाला फोन लावले.
हलच्या एका म्हाताऱ्यानं घाबरून
त्याच बिलाचे पैसे पुन्हा भरले.

यंत्र मला अजून रोज नऊला विचारतं.
मी कोट काढायच्या आधी
ते एक बटण दाबते.