तीन अँपिअर

पाच महिने व्हॅन चर्चमागच्या भिंतीला उभी,
मी घरात, कंबरेला पट्टा.
किल्ली फिरवली
तर साधं टक्‌सुद्धा नाही.

कलिन्याच्या गल्लीत बोनाव्हेंचर काकांचं दुकान.
"आधी काळी वायर सोडवायची, मग लाल.
जोडताना लाल आधी.
विसरलीस तर माझं तोंड बघ."
त्यांची डावी भुवई अर्धीच आहे.
कधीकाळी चार्जिंगच्या बॅटरीवर वाकून
एका शहाण्याने विडी पेटवली.
"विडी त्याची, भुवई माझी."

चष्मा चढवून त्यांनी कडा चाचपल्या.
फुगलेली असती तर विजेला दाखवलीच नसती.
सहा बुचं काढली.
पाणी खाली गेलेलं,
उघड्या प्लेटांवर पांढरी खपली.
मीटर : नऊ पॉइंट चार.
"तळाला गेली ही."

डिस्टिल वॉटर प्लेटा बुडेपर्यंतच.
नळाचं नाही. विकतच्या प्यायच्या बाटलीतलंही नाही.

मी म्हटलं, काका, सोमवारपासून शाळा,
त्या मोठ्या मशीनवर लावा, तासात होईल.
त्यांनी काटा तीनवर आणला.
"उपाशी पोटाला आधी पेज. पंगत मागनं."
मग माझ्या पट्ट्याकडे बघून,
"तुला किती चालायला सांगितलंय?"
दहा मिनिटं. सकाळ-संध्याकाळ.
"मग?"

शनिवारी गेले, रविवारी गेले.
शटर पूर्ण वर, टेबलफॅनचं तोंड रस्त्याकडे,
आत बारीक बुडबुड, उकळी न आलेल्या चहासारखी.
काका मधूनमधून खोक्याला तळहात लावायचे,
पोराचा ताप बघतात तसा.
एकदा गरम लागलं, बंद केलं,
दोन तास नुसते बसलो. कैऱ्या खाल्ल्या.

सोमवारी पहाटे काचेची नळी.
बाराशे पन्नास. बाराशे पन्नास. चाळीस. पन्नास. पन्नास.
सहावं घर : अकराशे वीस.
पुन्हा बघितलं. तेवढंच.

"गाडी चालू होईल गं," काका म्हणाले,
"पण पंधरा पोरं घेऊन पुलावर थांबशील."
खडूने फुली मारली,
कोपऱ्यातली दुसरी दिली, जुनीच, पण सहाही घरं जागी.
पैसे पुढच्या महिन्यात.

लाल आधी. मग काळी.
सोड्याच्या पाण्याने हात धुतले, कोपरापर्यंत,
आणि सात वाजता पहिली घंटा गाठली.

ओढणीवर मला काहीच दिसलं नव्हतं.
गुरुवारी धुतली,
तेव्हा तांदळाएवढं भोक निघालं.