लापिथोसची लिंबं

निकोसियात, तारांच्या अलीकडे आमची शाळा
आणि भूगोलाला अर्शाक मास्तर.
आर्मेनियन माणूस. ग्रीक बोलता बोलता
मधेच एखादा तुर्की शब्द लागायचा त्यांच्या दाताखाली,
भातातल्या खड्यासारखा.
तो त्यांनी कधी थुंकला नाही.

सुट्टी लागली की बॅग उचलायचे.
बेलफास्ट, सारायेवो, किगाली,
जिथे जिथे शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठला होता
तिथे जाऊन दोघांच्याही घरी जेवायचे.
येताना आणायचे नुसते पत्ते,
वर्गात वाटायचे, एकेकाला एकेक मित्र.
माझ्या वाट्याच्या क्लोदिनला मी दोनच पत्रं लिहिली.
अजून टोचतं ते.

पासपोर्ट परका, म्हणून मास्तरांना सोडत पलीकडे,
संध्याकाळी पाचच्या आत परत या, म्हणून.
सगळी गल्ली त्यांच्यापाशी कामं द्यायची:
विहिरीला पाणी आहे का बघा,
आमच्या बाबांचा क्रूस उभा आहे का.
ते वहीत पेन्सिलीनं टिपून घेत
आणि खरं तेच सांगत.
छत बसलंय. आत कोंबड्या आहेत. क्रूस नाही.
माणसं रडायची, आणि पुढच्या खेपेला
पुन्हा काहीतरी बघायला सांगायची.

आईचं एकच असे: परसातलं लिंबू.
"आहे," मास्तर म्हणत. "वाकलंय फळांनी."
एकदा तर कोटाच्या खिशातून दोन लिंबं काढून
तिच्या ओच्यात टाकली.
अकरा वर्षं.

मग दोन हजार तीनच्या वसंतात फाटक उघडलं.
आठ तास रांगेत उभं राहून आई पोचली.
परसात सिमेंटची टाकी.
तिथल्या सेवगुलबाई ओशाळून म्हणाल्या,
झाड तर पहिल्याच हिवाळ्यात गेलं, बाई.

आई परतली ती थेट मास्तरांच्या दारात.
"ती लिंबं कुठली?"
"बाजारातली."
एवढंच बोलले ते.

दोन वर्षं अबोला.
देशोदेशीची भांडणं मिटवून आलेला माणूस
आमच्या दारावरून जाताना चष्मा पुसत राही.
तिसऱ्या हिवाळ्यात आईनं माझ्या हाती
पिशवी दिली त्यांच्याकडे पोचवायला.
लिंबं. बाजारातलीच.
निरोप नाही.

आता मास्तर गेले.
चाळिसाव्या दिवशी त्यांची वही चाळता चाळता
आई थांबली शेवटच्या पानावर:
त्यांचा स्वतःचा जुना पत्ता,
तारांपलीकडे जेमतेम अर्धा मैल.
सगळ्या पत्त्यांपुढे खूण होती. याच्यापुढे नाही.

आम्ही दोघी गेलो.
गल्लीचं नाव बदललेलं. एका म्हाताऱ्या न्हाव्यानं
गिऱ्हाइकाची मान तशीच धरून
वस्तऱ्यानं दाखवलं: तिथे.
चार मोटारी उभ्या होत्या,
एकीखाली कुत्रं झोपलेलं.
आई बराच वेळ उभी राहिली.

संध्याकाळी कबरीशी वाकून,
मास्तरांना शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं म्हणून
जरा मोठ्यानंच म्हणाली,
"आहे हो मास्तर.
दार अजून हिरवंच आहे."