गाळलेल्या जागा

मी साडेसहाला येते, मागच्या दाराने.
काळा पाव कापते, खारवलेले मासे मांडते,
खोल्या सात, पण अंडी सोळा उकडते,
कारण मारेत म्हणते,
बाल्टिकची हवा खाल्लेला माणूस दुसरं अंडं मागतोच.

घर लाकडाचं, फिकट पिवळं, एकशे अठरा वर्षांचं.
एखादी बाई खाडीत पाय सोडून बसावी
आणि उठायचं विसरावी, तसं.
जिन्यापाशी चौकटीत माहिती टांगली आहे:
डॉक्टर युहान लेप्पिक यांनी बांधलं, गाळाच्या उपचारांसाठी.
मग मोकळी ओळ.
मग एकदम नूतनीकरण, सौना, वायफाय.
शाळेत असायचा तसा प्रश्न,
गाळलेल्या जागा भरा.
मी एकदा मारेतला विचारलंही, मध्ये काय होतं?
ती म्हणाली, लोणी संपलंय, आण.

गाळ खाडीच्या तळाचा. काळा, मऊ,
वास गंधकाचा.
पाहुणे पहिल्या दिवशी नाक मुरडतात,
तिसऱ्या दिवशी बरणीत भरून मिळेल का विचारतात.
मारेत तो कोपराने तपासते,
तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी तपासावं तसा,
आणि पाठीवर थापते. कुणाचीही पाठ असो.

सप्टेंबरच्या शेवटी आर्काडी ल्वोविच आले, हैफाहून,
वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, कंबर धरलेली.
मारेत किल्ली घेऊन पुढे, ते मागे.
पाचवी पायरी त्यांनी न बघता ओलांडली.

ती पायरी कुरकुरते.
पहिल्या रात्री सगळेच तिच्यावर पाय देतात.
मारेत वर पोचून थांबली होती,
किल्ली तशीच हातात.

न्याहारीला ते माझ्याशी रशियनमध्ये बोलले,
मला जेमतेम कळतं, पण ते सावकाश बोलत होते.
इथे हिरव्या फरशांची शेगडी होती.
वडील फौजेत होते, आम्हाला वरच्या दोन खोल्या मिळाल्या,
मी चार वर्षांचा.
फडताळाच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या,
कुणा मुलीची उंची. लिंडा, सहा. लिंडा, सात.
आईने माझ्या रेघा शेजारी मारल्या.
सातव्या वर्षी मी तिच्याहून बोटभर उंच होतो.
ते हसले. पाव तोडला, खाल्ला नाही.
मला वाटायचं, खेळायला येईल कधीतरी.

मारेत दारात उभी होती, गाळाची बादली घेऊन.
लिंडा तिची आई.
एवढं मला गावातल्या सगळ्यांसारखंच माहीत होतं.
मार्चमधली ती रात्र, ती गाडी, सैबेरिया,
हे मारेत कधी बोलली नाही,
बोलली असती तर लोणी आणायला कोण गेलं असतं?

दहा वाजता ते पालथे झोपले.
मी टॉवेल घेऊन कोपऱ्यात.
मारेतने गाळ नेहमीसारखाच थापला,
मानेपासून खाली, मणक्याच्या कडेकडेने,
हात आखडला नाही, ढिला सोडला नाही.
वाळूचं घड्याळ उलटं केलं.
एरवी ती बाहेर जाते आणि सिगारेट ओढते.
त्या दिवशी स्टुलावर बसून राहिली,
पूर्ण वीस मिनिटं,
एका म्हाताऱ्याचा श्वास ऐकत.

चौथ्या दिवशी ते गेले. काठी विसरले,
की ठेवून गेले, कोण जाणे.

दुसऱ्या सकाळी फडताळाच्या चौकटीखाली रंगाचे पापुद्रे,
आणि माझी लोण्याची सुरी बोथट.
वरचा पांढरा, मारेतनेच दिलेला,
खाली फौजी हिरवा, त्याखाली तपकिरी,
मग लाकूड.
रेघा दोन रांगांत.
लिंडा, आठ. लिंडा, नऊ.
त्याच्या वर एकच रांग.

भिंतीवरची ओळ अजून मोकळीच आहे.
पण फडताळापाशी पाहुणा गेला की मारेत म्हणते,
जपून, तिथे रंग ओला आहे.

ओला नाही.
मी रोज बोट लावून पाहते.