जिथं तेल नको

मागच्या शर्यतीत गाडी नुसतीच किंचाळली.
इंजिन वर वर चढत गेलं,
साखळी जागच्या जागी थरथरली,
आणि चाळीसगावची पोरं दुसरा फेरा मारून
हात हलवत बाजूनं निघून गेली.
दोष इंजिनाचा, असं सगळ्यांनी ठरवलं.
मीही मान हलवली.

आता धरणगावात, जिनिंगच्या बंद शेडमध्ये
पत्रा अजून दिवसाचा ताव सोडतोय.
कार्ट दोन खोक्यांवर चढवलेली.
भटू मिस्तरी सरकीच्या पोत्यावर बसलेत.
चाळीस वर्षं त्यांनी लुना उघडल्या,
आता बोटं कापतात,
म्हणून हात माझे, डोळे त्यांचे.

साखळी उतरव. बोल्ट काढ.
वायसर कुठल्या तोंडानं बसला होता ते बघून ठेव,
नंतर आठवेल म्हणणाऱ्याची गाडी
पाळधीच्या पुढे जात नाही.
ड्रम आधी नाही म्हणाला, मग आला.
आत काळी भुकटी, आणि भुकटीत कापूस:
महिनाभर या आवारात आम्ही फेऱ्या मारल्या
तेव्हा हवेत हिंडणारी रुई
तिन्ही शूंच्या फटींत शिरून
वातीसारखी वळली होती.
"दिवा लावाना बाकी व्हता," मिस्तरी म्हणाले.

मग त्यांनी ड्रम नाकाशी नेला.
तिथंच धरून ठेवला.
"तेल कोनी टाकं?"

शेडमध्ये एक पाल बोलली.

मी टाकलं होतं.
आईच्या शिलाई मशीनची लांब नाकाची कुपी,
शर्यतीच्या आदल्या रात्री, कुणी नसताना.
प्रेमानं म्हणा, भीतीनं म्हणा.
घरात जे जे कुरकुरतं त्याला तेल मिळतं,
बिजागरीला, पाळण्याच्या कडीला,
तापानं फणफणलेल्या टाळूला.
मला काय माहीत, एखाद्या जागेचा
खरखर हाच जीव असतो.

मिस्तरी ओरडले नाहीत.
"तेल नको दखाडू याले. हाऊ घासीसनच चालस."
आणि पोरांना काही सांगितलंही नाही.

अर्धा डबा ब्रेक क्लीनर संपला.
फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायचं,
हे सांगताना ते खोकले, बराच वेळ.
शूच्या तोंडावर आरशासारखी झिलई आलेली,
ती खिडकीच्या काचेवर पॉलिश पेपर पसरून
इंग्रजी आठ काढत काढत मोडली.
चकाकी जाऊन राखाडी, मुकं, खरं तोंड आलं.
तीन स्प्रिंगांपैकी एकीच्या वेढ्यांतून
बल्बचा उजेड दिसत होता.
"एकच बदल, बाकीच्या दोघी रुसतील."
तिन्ही बदलल्या.

मग लॉकची क्लिप
टिणकन उडाली आणि रुईच्या ढिगात गेली.
बाजारात नाही, जळगावलाही या वेळी नाही.
पाऊण तास सहा जणं गुडघ्यांवर.
शेवटी रुबाब तडवीनं गणपतीच्या मंडळाचा
जुना स्पीकर फोडून लोहचुंबक काढला
आणि ढिगावरून असा फिरवला
जशी नजर काढतात.
दुसऱ्या खेपेला टिच.
कुणीच ओरडलं नाही, इतके दमलो होतो.

"आते काढ तुनी कुपी."
मी बघतच राहिले.
सुई बेअरिंगला एक थेंब,
काडीच्या टोकावरून, जास्त नाही.
मी दोन्ही हातांनी धरली ती काडी.

इंजिन लावलं. साखळी गप्प.
आत सगळं फिरतंय आणि बाहेर काही नाही.
थोडी रेस दिली, अजून गप्प.
आणखी थोडी,
आणि कुठेतरी आतल्या आत तिघांनी
हात लांब करून भिंत धरली.
चाकं फिरली.
मिस्तरी एव्हाना चपला शोधत होते.

घरी पोचले तेव्हा आईनं तवा ठेवला होता.
नखांतलं काळं लिंबानं गेलं नाही, राखेनं नाही,
केळीच्या चिकासारखं बसलेलं.
कुपी मशीनच्या खणात परत ठेवली.
आई म्हणाली, हात दाखव.
मी म्हटलं, कळण्याची भाकर आहे,
मुळातच काळी. वाढ.