ओप्पिगे

कोर्टाच्या कँटीनमध्ये भाव सगळ्यांना पाठ.
पायात रॉड बसला असेल तर वरचा दर,
बोटं गेली असतील तर कुठली, त्यावर,
नुसते टाके म्हणजे औषधाच्या चिठ्ठ्यांपुरतं.
"मेलेल्याचं लवकर सुटतंय," हुक्केरीकडचा एकजण म्हणाला
आणि चहात बटर बुडवून
टपकायच्या आत तोंडात टाकला.

मी सुबराव मुतगेकर,
उद्यमबागेत मोल्डर, सव्वीस वर्षं.
माझं काम विचाराल तर वाळू मुठीत दाबायची
आणि मूठ उघडायची.
बोटांचे वळ जसेच्या तसे राहिले,
गोळा मोडताना कड धरून मोडला,
की पाणी बरोबर.
जास्त झालं तर लोखंडाच्या पोटात वारा धरतो,
कमी झालं तर साचा ढासळतो.
यंत्र आणलं होतं मालकानं ओल मोजायला.
पुन्हा कपाटात ठेवलं.

तिसऱ्या गेटाजवळ
गोव्याकडं निघालेली पांढरी गाडी,
आणि मी सायकलवर, डबा हँडलला.
डबा शाबूत राहिला.
भातसुद्धा सांडला नाही.

वकीलबाई हिरेमठ वहीवर मांडून दाखवतात:
हाताचं अपंगत्व छत्तीस टक्के,
अख्ख्या देहाचं म्हणून तीननं भागायचं,
बारा.
पगार अठरा हजार, पण रोख,
पावती नाही,
तेव्हा बारा हजार धरायचे.
वय चव्वेचाळीस, त्याला गुणायचं चौदानं.
"चौदा म्हणजे वनवासच की," मी म्हणालो.
बाई हसल्या नाहीत.
दोन लाख एक्केचाळीस हजार नऊशे वीस,
खाली दोन रेघा ओढल्या.
वेदनेचे वेगळे. तेही ठोक.

घरी शांतक्का पोळीचा तुकडा मोडून
माझ्या ताटात ठेवते
आणि दुसरीकडं बघते.
तिला तीननं भागायला कुणी शिकवलेलं नाही.

शनिवारी लोकअदालत.
कंपनीचा साहेब कॅल्क्युलेटर घेऊन, घामेजलेला,
त्याच्यापुढं आमच्यासारख्या साठ फायली.
दोन सत्तर.
साडेतीन.
दोन नव्वद, बघा, जेवायची वेळ झाली.
आमच्याकडं बैलाचा सौदा रुमालाखाली होतो,
बोटं धरायची, बोटं दाबायची,
भाव दोघांच्याच हातांना ठाऊक.
इथं बोटांचाच सौदा,
आणि तोही चारचौघांत, मोठ्यानं.
तीन पंचवीसला तुटलं.
गाडीवाला आलाच नाही.
त्याला यायची गरज नव्हती म्हणे.

कागद कन्नडात.
मी सातवी पास, मराठी शाळा नंबर अमुक,
कानडी बोलतो फर्ड्यानं, वाचताना अडखळतो.
बोट ठेवून विचारलं, हे काय?
ओप्पिगे, कारकून म्हणाला.
संमती.
आमच्यात ओपणं म्हणजे
दुसऱ्याच्या हवाली करून मोकळं होणं.
मी ते त्याला सांगितलं नाही.
उजव्या हातात पेन धरवेना,
डाव्याची सही त्याला चालेना,
शेवटी डावा अंगठा.
शाईचं पॅड कोरडं होतं.
त्यानं त्यावर थोडं पाणी शिंपडलं,
आणि मला आतल्या आत वाटलं:
जास्त झालं.
ठसा पसरलाच.

गल्लीत शिरलो तर पायरीपायरीवरनं
एकच, "किती मिळूलालंय?"
कुणी म्हणालं कमीच,
अनगोळच्या एकाला मनगटाचे पाच मिळाले.
कुणी म्हणालं नशीब.
फी, झेरॉक्स, हॉस्पिटलची उसनवारी;
ते कुणी विचारलं नाही.

सोमवारी फाउंड्रीत गेलो, सहज.
झारखंडचा नवा पोरगा धावत आला,
ओंजळभर वाळू पुढं केली: "मामा, देखो तो."
भट्टी लागलेली. सगळे थांबलेले.
मी डाव्या मुठीत दाबली,
मूठ उघडली.
वळ उमटले होते, पण ते कुणाचे
मला ओळखता येईनात.
पाणी घाल थोडं, म्हणालो.

खरं तर काही कळलं नव्हतं.