तिसरा कप्पा

रात्री अडीचला टीव्हीच्या टेबलाखालून
टूं… टूं…
मी झोपेतच चपला शोधल्या,
कुठला बेड, म्हणून.

बेड नव्हता. मुसफ्फातलं आमचंच घर,
ऑगस्ट, खिडकीच्या काचेला बाहेरून घाम,
आणि शमुवेलची काळी पेटी, चार डिस्कची.
तिसऱ्या कप्प्याचा दिवा नारिंगी.

तो दास बेटावर. अठ्ठावीसातले नऊ दिवस झालेले.
फोनवर म्हणाला, कशालाही हात लावू नकोस.
आणि लाइन गेली.
सतरा वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईला,
कशालाही हात लावू नकोस.

आधी आवाज बंद केला.
आवाज बंद झाला म्हणजे पेशंट बरा झाला असं नाही,
हे नव्या मुलींना मीच सांगते.
मग केसपेपर काढला, म्हणजे लॉग.
पेटी तीन आठवडे कळवत होती:
खराब सेक्टर आठ, मग चोवीस, मग एकशे बारा.
सगळे निरोप त्याच्या जुन्या कंपनीच्या ईमेलवर,
जो आता कुणीच उघडत नाही.

स्क्रीनवर शब्द होता, डिग्रेडेड.
मी वहीत लिहिलं: खंगलेली, पण शुद्धीवर.

चौघी एकमेकींचं थोडं थोडं सांभाळून असतात,
ड्यूटी बदलताना आम्ही बेड सांगतो तसं.
एक गेली तरी तिघी मिळून तिचं सगळं सांगतात.
दुसरी गेली, की मग कुणालाच काही सांगता येत नाही.
आणि या चौघी एकाच दिवशी,
एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आणलेल्या.
पहिलीचेही आकडे मला बरे वाटेनात.

म्हणून नवी डिस्क घालण्याआधी
जपायचं ते बाहेरच्या डिस्कवर काढायला घेतलं.
पासपोर्ट, इकामे, मिरजेच्या प्लॉटचे कागद,
रूथच्या शाळेतलं गाणं (तिचं तोंड हलतंय, आवाज शेजारणीचा).
मग एक फोल्डर: खिडकी.
अकराशे सेहेचाळीस फोटो.

सगळ्यांत समुद्र.
तोच कठडा, तोच गंजलेला पाइप,
उजवीकडे कधी बोट, बहुतेक वेळा नाही.
रोज एक. मला कधी दाखवला नाही.
वेळ बघितली: पहाटे पाच वीस,
ज्या वेळी मी नाइट संपवून बसला उभी असते.

जागा कमी होती. समुद्र घ्यायचा का, असा विचार
मी खरंच दोन मिनिटं केला.
घेतला. सिनेमे सोडले.
एक फोटो मात्र वाचताच आला नाही,
चौदा मार्च. तीनदा प्रयत्न केला.

सकाळी शाबियातला दुकानदार म्हणाला, सर नाही आले?
मी म्हटलं, तेवढ्याच मापाची किंवा मोठी,
लहान चालणार नाही, आणि कॅमेऱ्याची नको.
त्यानं मुकाट्यानं वरच्या फळीवरची काढली.

कप्पा ओढण्याआधी नंबर दोनदा वाचला,
रक्त लावताना मनगटावरची पट्टी वाचतो तसा.
चुकीची ओढली असती तर संपलंच होतं.
नवी आत ढकलली. हिरवा दिवा लुकलुकायला लागला.
शून्य टक्के. बाकी एकवीस तास.

एसी वीसवर ठेवला, रजा टाकली,
गोधडी घेऊन तिथेच फरशीवर आडवी झाले.
चार टक्के. अकरा. संध्याकाळी बासष्ट,
मग तासभर बासष्टच.
पहिली मधूनच खरखरायची. मी टेबलावर हात ठेवायची,
त्यानं काही होत नाही, माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा
चारही दिवे हिरवे होते.
सगळं आलं?
एक समुद्र गेला, मी म्हटलं.

तिकडे बराच वेळ नुसता वारा.
त्यानं फोल्डरबद्दल काही विचारलं नाही, मीही नाही.
मग म्हणाला, कुठला?
चौदा मार्च.

असू दे, म्हणाला.
त्या दिवशी धुळीचं वादळ होतं,
कठड्यापुढे काहीच दिसत नव्हतं.